सोम, बुध, शुक्र

मराठवाड्यातल्या एका शासकीय रुग्णालयात त्वचारोग विभागाला लागून एक लहानशी खोली आहे. दारावर ‘सुरक्षा क्लिनिक’ अशी पाटी, आत टेबल, दोन खुर्च्या, एक पडदा आणि मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर. डॉक्टर तपासून चिठ्ठी लिहितात. ते औषध घरी गेल्यावर कसं वापरायचं हे पेशंटच्या गळी उतरवायचं काम इथल्या समुपदेशक ताईंचं.

मी तिथे गेलो तो एका खोक्यामुळे. औषधाच्या दुकानात एका तरुणानं कुजबुजत चिठ्ठी पुढे केली. काउंटरवरच्या पोरानं इमिक्विमॉड क्रीमच्या खोक्यावर बॉलपेननं लिहिलं, ‘दिवसातून २ वेळा’. तरुणानं खोकं शर्टाच्या आत सरकवलं आणि तो निघूनही गेला. जननेंद्रियांवरच्या चामखिळींसाठी हे मलम आठवड्यातून तीनदा लावायचं असतं. दिवसातून दोनदा म्हणजे आठवड्याला चौदा वेळा. त्या चौदाचं पुढे काय होतं, ते मला बघायचं होतं.

ते ताई रोज बघतात. जननेंद्रियांवर किंवा गुदद्वाराभोवती आलेल्या चामखिळी घेऊन येणारा माणूस सहसा सरळ इथे येत नाही. आधी कुणी घोड्याच्या शेपटीचा केस बांधलेला असतो, कुणी चुना-सोडा लावलेला असतो, कुणी बिब्बा. बिब्ब्यानं चामखीळ भाजते, पण आजूबाजूची कातडीही भाजते, आणि त्या जागेची कातडी तर फारच नाजूक. स्टँडच्या भिंतीवरची ‘गुप्तरोग’वाली जाहिरात वाचून पैसे घालवून आलेलेही असतात. त्यातल्या काहींना मुळात चामखीळ नसतेच. पुरुषांमध्ये शिश्नाच्या कडेला बारीक मोत्यांसारखे दाणे नैसर्गिकच असू शकतात. उलट सिफिलिसमध्ये येणारे ओलसर चट्टे चामखिळीसारखे दिसतात. म्हणून आधी डॉक्टरांची नजर आणि रक्ताची तपासणी, मलम त्यानंतर.

टेबलामागच्या कपाटात करड्या, हिरव्या, पांढऱ्या, निळ्या रंगांची किट रचलेली होती. लैंगिक संसर्गांसाठी अशी सात रंगांची किट सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. चामखिळीचं किट त्यात नाही. दवाखान्यात डॉक्टर पोडोफायलिन लावतात किंवा गोठवून चामखीळ काढतात. घरी लावायचं इमिक्विमॉड बाहेरून विकत आणावं लागतं, आणि ते महाग आहे.

“किती दिवस लावायचं?” हा पहिला प्रश्न.

“जास्तीत जास्त १६ आठवडे.”

१६ ऐकल्यावर बहुतेकांचे चेहरे पडतात. चार महिने! ताई तो आकडा दिवसभर उच्चारतात आणि दर वेळी एक वाक्य जोडतात: “१६ ही हद्द आहे, कोटा नाही. आधी गेल्या तर आधी थांबायचं.”

मग कॅलेंडर. सोम, बुध, शुक्र, असे तीन वार पेनानं गोल केले जातात. कुणाचा सोमवारचा उपास असतो म्हणून तो मंगळ, गुरू, शनी घेतो. चालतं. फक्त मध्ये एक दिवस मोकळा हवा. झोपताना लावायचं, ६ ते १० तास ठेवायचं, उठल्यावर साध्या साबणानं धुवायचं. एक ट्रकड्रायव्हर म्हणाला, “मॅडम, आपली झोपच चार तासांची.” ताई म्हणाल्या, “मग जेवायच्या आधी लावा दादा. सहा तास भरले पाहिजेत, झोपेतच भरले पाहिजेत असं नाही.” एका बाईंच्या वस्तीत नळाला आठ दिवसांनी पाणी येत होतं. “एक तांब्या बाजूला काढून ठेवा, तेवढं पुरतं,” हे उत्तर तयारच होतं.

लावायची पद्धत ताई हाताच्या पाठीवर साध्या क्रीमनं करून घेतात. आधी हात धुवायचे, जागा धुऊन कोरडी करायची. चामखिळीपुरतंच पातळ लावायचं आणि जिरेपर्यंत चोळायचं. “पांढरं दिसतंय? म्हणजे जास्त झालं.” वर पट्टी बांधायची नाही. योनीच्या आत, मूत्रमार्गात, गुदद्वाराच्या आत कधीही लावायचं नाही. मग पुन्हा हात धुवायचे. पाव ग्रॅमची पुडी एका वेळेची. उरलेलं टाकून द्यायचं. इथे घासाघीस होते. “एवढं महागाचं टाकायचं?” असं विचारताना एका काकांनी पुडीची घडी घालून खिशात ठेवलीसुद्धा होती.

मला पुन्हा पुन्हा आठवतो तो एक पस्तिशीचा माणूस. तिसऱ्या आठवड्यात परत आलेला, उभ्यानंच बोलत होता. “रिॲक्शन आली मॅडम. लई आग हुतीय. बंद केलं मी.” त्यानं खिशातून दुसऱ्याच मलमाची ट्यूब काढली. दुकानदारानं दिलेली, ‘थंड पडेल’ म्हणून. त्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ साली कडक झाला, तरी ती ट्यूब सहज मिळाली होती.

ताई रागावल्या नाहीत. पडद्याआड डॉक्टरांनी बघितलं: लाली होती, थोडं सोललं होतं, मोठी जखम नव्हती. मग ताईंनी जे सांगितलं ते कुठल्याही खोक्यावर बॉलपेननं लिहून मिळत नाही. हे मलम चामखीळ आणणाऱ्या विषाणूला स्वतः मारत नाही. ते कातडीतल्या पेशींना चेतवतं, पेशी इंटरफेरॉन सोडतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्या जागी ओढली जाते. लाली, खाज, थोडी आग हा त्या कामाचाच भाग. स्टेरॉइड नेमकं उलटं करतं, ती प्रतिकारशक्ती दाबतं. आग शमते आणि चामखिळीला रान मोकळं मिळतं.

“पण सोसत बसायचं नाही,” ताई म्हणाल्या. “उघडी जखम झाली, सूज येऊन लघवीला त्रास झाला, ताप-अंगदुखी आली, तर धुऊन टाका, थांबा आणि इथे या. काही दिवस विश्रांती घेऊन पुन्हा सुरू करता येतं. चुकलेल्या दिवसाचं दुसऱ्या दिवशी दुप्पट लावू नका.”

तो खाली बसला. मग हळूच खरी भीती बाहेर आली. एका जागी कातडी फिकी पडली होती. “कोड तर नाही ना?” आपल्याकडे या शब्दाची दहशत चामखिळीहून मोठी आहे. ताईंनी खोटा दिलासा दिला नाही. या मलमानं रंग उतरू शकतो, काही वेळा तो परत येतही नाही, हे सांगून त्यांनी पुढच्या भेटीत ती जागा डॉक्टरांना दाखवायला लावली.

बायकोचा विषय शेवटी निघाला. मलम लावलेलं असताना संबंध टाळायचे, कारण मलमामुळे निरोध कमकुवत होऊ शकतो आणि जोडीदाराच्या कातडीलाही त्रास होतो. तिचीही तपासणी हवी. बाई गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मलम नको. “हे कधी झालं, कुणाकडून आलं, हे मी विचारत नाही,” ताई म्हणाल्या. “चामखीळ आणणारा एचपीव्ही विषाणू महिनोन्‌महिने गप्प राहतो.” ६ आणि ११ हे या विषाणूचे दोन प्रकार अशा सुमारे ९० टक्के चामखिळींना कारणीभूत असतात. पुण्यात तयार होणारी सर्व्हाव्हॅक लस या दोन्ही प्रकारांवर आहे. मात्र ती आधी घ्यायची, आलेली चामखीळ तिनं जात नाही.

मलमानंही सगळ्यांची जाते असं नाही. अमेरिकेत १९९७ साली याला मान्यता मिळाली तेव्हाच्या चाचण्यांत १६ आठवड्यांत बायकांपैकी ७२ टक्क्यांच्या चामखिळी पूर्ण गेल्या, पुरुषांपैकी ३३ टक्क्यांच्याच. गेलेल्या परत येऊ शकतात. ताई हेही आधीच सांगतात, आणि मला त्यांचं तेच पटलं. भिंतीवरची जाहिरात शंभर टक्के खात्री देते. ही बाई जमेल तेवढंच सांगते.

प्रत्येक भेट एकाच वाक्यानं संपत होती: “आता तुम्ही मला सांगा बघू.” पेशंट अडखळत सांगतो: तीन वार, सहा ते दहा तास, धुवायचं, आग वाढली तर थांबायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. औषधाची निम्मी सुरक्षितता त्या मिनिटांत असते, आणि ती ना खोक्यात मिळते ना काउंटरवर.

तुमच्या चिठ्ठीवर हे मलम असेल तर लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना चार गोष्टी विचारा: कुठले वार, किती तास, आग झाली तर काय आणि थांबायचं कधी. ही चार उत्तरं मिळाल्याशिवाय पुडी फोडू नका.