माणूस जातो, खाते उरते!

घर, शेती, दागिने यांचे काय करावे, हे मृत्युपत्रात लिहून ठेवता येते. बँकेच्या खात्याला नॉमिनी असतो. मात्र ई-मेलमधील पत्रव्यवहार, 'क्लाउड'वरील छायाचित्रे आणि फेसबुकवरील संवाद यांचा वारस कोण, हा प्रश्न बहुतेक घरांत माणूस गेल्यानंतरच उभा राहतो.

जर्मनीत या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास सहा वर्षे लागली. बर्लिनमध्ये २०१२ साली एक १५ वर्षांची मुलगी भुयारी रेल्वेखाली सापडून मरण पावली. हा अपघात की आत्महत्या, हे जाणण्यासाठी आई-वडिलांना तिचे फेसबुकवरील संदेश वाचायचे होते. पासवर्ड ठाऊक असूनही उपयोग झाला नाही. कारण ते खाते 'स्मृती खाते' म्हणून गोठवण्यात आले होते. मुलीशी संवाद साधणाऱ्या इतरांच्या खासगीपणाचा भंग होईल, असा कंपनीचा युक्तिवाद होता. अखेर, रोजनिशी आणि पत्रांप्रमाणेच हे खातेही वारसांकडे जाते, असा निर्णय तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जुलै २०१८मध्ये दिला.

असा वाद टाळण्याची सोय आता कंपन्यांनीच केली आहे. गुगलच्या 'इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये खाते ३ ते १८ महिने वापरात नसल्यास कोणाला कळवायचे, कोणती माहिती द्यायची, हे ठरवता येते. त्यासाठी १० जणांची नावे देता येतात. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गुगल मजकुरासह काढून टाकू शकते, हेही ध्यानात ठेवायला हवे. अॅपलच्या 'लेगसी कॉन्टॅक्ट'ला विशेष कळ आणि मृत्यूचा दाखला सादर केल्यावर छायाचित्रे मिळतात. साठवलेले पासवर्ड मात्र मिळत नाहीत. फेसबुकवर खातेधारकाने नेमलेली व्यक्ती स्मृती खात्याची देखभाल करू शकते. खासगी संदेश वाचू शकत नाही.

भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही कलम १४ अन्वये नॉमिनी नेमण्याच्या हक्काची तरतूद आहे. मृत्यू अथवा अक्षमतेच्या प्रसंगी संबंधिताचे हक्क ही व्यक्ती बजावू शकेल.

अर्थात, आपला सारा पत्रव्यवहार घरच्यांनी वाचावा, असे प्रत्येकाला वाटेलच असे नाही. काय कोणाच्या हाती द्यायचे आणि काय कायमचे पुसून टाकायचे, हे ठरवण्याचा अधिकार हयातीतच वापरता येतो. तो वापरला नाही, तर निर्णय कंपनीचे नियम घेतात किंवा न्यायालय.