उन्हाने झोपवलेले राखणदार

दिवसभर उन्हात भटकलं की काही जणांच्या ओठाच्या कडेला दोन-तीन दिवसांत पाणीदार फोडांचा पुंजका उठतो. ‘उष्णता झाली’ म्हणत घरात गुलकंदाची बरणी उघडते. खरं तर हर्पीसचा विषाणू चेतापेशींत वर्षानुवर्षं दडून असतो. उन्हातले अतिनील किरण त्याला जागं करतात आणि त्याच वेळी त्वचेची प्रतिकारशक्ती ढिली करतात.

हे ढिलं पडणं लक्षात आलं उंदरांमुळे. अतिनील किरणांचा दीर्घकाळ मारा केला की उंदरांना त्वचेचा कर्करोग होतो, हे ठाऊक होतं. अमेरिकेत मार्गारेट क्रिप्की यांनी त्या गाठी त्याच वाणाच्या निरोगी उंदरांत रुजवून पाहिल्या. १९७४ साली त्यांनी निष्कर्ष मांडला. बहुतेक गाठी तगल्याच नाहीत. नव्या शरीराने त्या परक्या म्हणून ओळखल्या आणि झिडकारल्या. मग ज्याच्या अंगावर त्या उगवल्या, त्या उंदराने त्या का खपवून घेतल्या? पुढच्या प्रयोगांत, किरण झेललेल्या पण अजून गाठ न आलेल्या उंदरांत त्या रुजवल्या, तर बिनधास्त वाढल्या. अशा उंदरांच्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, दुसऱ्या उंदरात सोडल्या, तर तोही गाठीपुढे हतबल! किरणांनी रोग पेरला होता आणि राखणदारही झोपवला होता.

गंमत अशी, की अतिनील-बी किरण बहुतांशी त्वचेच्या वरच्या थरातच अडतात. मग आतवर निरोप नेतं कोण? एक दूत म्हणजे पेशींतला दुखावलेला डीएनए. दुसरा, त्वचेतलंच युरोकॅनिक आम्ल. १८७४ मध्ये ते कुत्र्याच्या मूत्रात सापडलं, म्हणून हे नाव: ‘युरो’ म्हणजे मूत्र, ‘कॅनिस’ म्हणजे कुत्रा! किरण पडताच त्याच्या रेणूचा आकार पालटतो आणि हा पालटलेला रेणू प्रतिकारशक्तीला आवर घालतो. त्वचेतल्या लँगरहान्स पेशी, म्हणजे तिथले पहारेकरी, जागा सोडून लसिका ग्रंथींकडे निघतात. तिथे आवर घालणाऱ्या टी पेशींची फौज उभी राहते.

निसर्गाने हा घातक वाटणारा बंदोबस्त का ठेवला असेल? मला पटणारं उत्तर असं: भाजलेल्या त्वचेतली बिघडलेली प्रथिनं परकी ठरली, तर शरीर स्वतःच्याच कातडीवर तुटून पडेल. काहींना उन्हात जाताच खाजरं पुरळ उठतं. त्यांच्यात हा आवर कमी पडतो, असं दिसतं.

सोरायसिसमध्ये प्रतिकारशक्तीच त्वचेवर उलटलेली असते. तिथे त्वचारोगतज्ज्ञ हाच आवर कामाला लावतात. डोळ्यांना काळा चष्मा लावून रुग्ण ३११ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण सोडणाऱ्या नळ्या लावलेल्या कपाटात मोजका वेळ उभा राहतो. वेळ ठरते त्याच्या त्वचेचा रंग पाहून.