राणीच्या बागेतील संग्रहालय

आपल्या नातेपुते-माळशिरसकडचा माणूस मुंबईस गेला म्हणजे राणीची बाग पाहिल्यावाचून सहसा परतत नसे. वाघ, हत्ती, माकडे पाहून पोरे दमत. त्या बागेच्या आवारातच एक जुनी, देखणी इमारत आहे, तिकडे मात्र थोडेच वळत. पहिल्या खेपेस आम्हीही वळलो नव्हतो.

हे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १९७५ पर्यंत त्यास राणी व्हिक्टोरिया आणि तिचा पती अल्बर्ट यांचे नाव होते. त्याचे मूळ पाहू गेल्यास ते बाजारात सापडते. १८५१ साली लंडनला व १८५५ साली पॅरिसला मोठी प्रदर्शने भरली. तिकडे माल पाठविताना त्याचे जोडनमुने मुंबईत ठेवले गेले आणि त्यांतून हा संग्रह उभा राहिला. लाकूड, बियाणे, खनिजे एकीकडे. कापड, भांडी, कोरीव काम दुसरीकडे. निसर्ग आणि कला एका छपराखाली का आली, असे कोणी विचारील. या भूमीत काय पिकते आणि येथले हात त्याचे काय करतात, हे दोन्ही राज्यकर्त्यांना व व्यापाऱ्यांना जाणून घ्यावयाचे होते.

१८५७ च्या उठावात फोर्टातील बराकी फौजेस हव्या झाल्या. संग्रह घाईने हलविला गेला व त्याची पुष्कळ नासधूस झाली. उरले ते डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी गोळा केले. नव्या इमारतीसाठी वर्गणी निघाली. जगन्नाथ शंकरशेट, डेव्हिड ससून यांनी हात दिला, आणि समितीच्या चिटणिसाचे काम भाऊ दाजींनी केले. (वर्गणीमागे हिंडणे म्हणजे काय, हे युनियनच्या माणसास सांगावयास नको.) १८६२ साली पाया घातला. परंतु अमेरिकेतील युद्ध संपून १८६५ साली कापसाचा भाव कोसळला, मुंबईचे धनिक बुडाले, आणि सरकारला पैसा घालावा लागला. २ मे १८७२ रोजी दरवाजे उघडले.

भाऊ दाजी गोमंतकातील मांद्रे गावचे, गरिबाघरचे. त्यांच्या घरी मातीच्या बाहुल्या विकण्याचा धंदा होता, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. योगायोग असा की, त्यांच्या नावाच्या या संग्रहालयात आज माणूस सर्वांत अधिक रेंगाळतो तो मातीच्या बाहुल्यांपुढेच. निरनिराळे धंदे करणारी माणसे, जातिजमातींचे पोशाख, पगड्यांचे प्रकार, सारे मातीत घडविलेले आहे. भुसा भरलेले पशुपक्षी पाहावयाचे असतील, तर फोर्टातील १९२२ साली उघडलेल्या, आता छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव असलेल्या वस्तुसंग्रहालयात जावे.

इमारत पुढे फार जीर्ण झाली होती. महानगरपालिकेने इतर संस्थांच्या साहाय्याने २००३ पासून ती दुरुस्त करविली आणि २००८ साली ती पुन्हा उघडली. त्यानंतर एका मेळाव्याच्या निमित्ताने आम्ही काही साखर कामगारांस घेऊन तेथे गेलो. त्या बाहुल्यांत कामाची बैठक आहे, अवजार आहे. पण मजुरी किती आणि दिवस किती तासांचा, हे काही आम्हांस दिसले नाही. आमच्यातील एकाचा बाप घोंगड्या विणीत असे. बाकीचे पुढे गेले तरी तो त्या कपाटापुढून हलेना. आम्ही हाक मारली, तेव्हा तो म्हणाला, "दादा, आमच्या म्हाताऱ्याचा माग आम्ही मागल्या पावसाळ्यात चुलीत घातला."