खिशातले पिस्तूल : एका छंदाची कैफियत

ज्या घराण्यांत शस्त्राचा परवाना दोन-तीन पिढ्यांपासून चालत आला आहे, त्यांच्या तिजोरीत बारा बोअरच्या लांब बंदुकीशेजारी, तेलाने माखलेल्या फडक्यात गुंडाळलेले, तळहातावर सहज मावणारे एखादे विलायती पिस्तूल पुष्कळदा आढळते. आणि ते आजोबांचे होते यापलीकडे घरातील तरुण मंडळींना त्याच्याविषयी बहुधा काहीही सांगता येत नाही. असल्या लहान पिस्तुलांचा संग्रह करण्याचा, त्यांचा वंशवृक्ष शोधण्याचा आणि अधूनमधून चांदमारीच्या मैदानावर त्यांच्यातून नेम धरण्याचा छंद युरोप-अमेरिकेत पुष्कळांना जडलेला आहे. आपल्याकडे कायद्याने या छंदाला फार निराळे रूप दिले. संग्राहक हा येथे शंभर नगांचा मालक होऊ शकत नाही. तो एखाद-दुसऱ्या नगाचा राखणदार असतो, आणि हे राखणदारीचे काम किती विद्वत्तेचे व किती जोखमीचे आहे, हेच मला येथे सांगावयाचे आहे.

खिशात मावणारे पिस्तूल ही काही विसाव्या शतकाची कल्पना नव्हे. चकमकीच्या आणि पुढे टोपीच्या पिस्तुलांच्या काळातही प्रवासी मंडळी आखूड नळीची, एका बाराची पिस्तुले अंगरख्यात बाळगीत, आणि फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर या कारागिराच्या तसल्याच एका पिस्तुलाने १४ एप्रिल १८६५ रोजी अब्राहम लिंकनवर गोळी झाडली गेल्यामुळे त्याचे नाव इतिहासात कायमचे कुप्रसिद्ध झाले. परंतु संग्राहकांना आज ज्यांची ओढ वाटते, त्या पिस्तुलांपैकी बहुसंख्य एकाच माणसाच्या प्रतिभेतून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे उतरलेली आहेत. जॉन मोझेस ब्राउनिंग हा १८५५ साली अमेरिकेतील यूटा प्रांतात ऑग्डेन येथे जन्मलेला, बंदुका घडविणाऱ्या बापाचा मुलगा. त्याने आपला आराखडा बेल्जियममधील लिएज शहरालगतच्या हेर्स्टाल येथील फाब्रिक नास्योनाल या कारखान्याला दिला, आणि १९०० साली ७.६५ मिलिमीटरचे, म्हणजे आपण ज्याला .३२ बोअरचे म्हणतो ते, चपटे पिस्तूल सिद्ध झाले. १९०६ साली त्याच कारखान्याने ६.३५ मिलिमीटरचे, म्हणजे .२५ बोअरचे, त्याहूनही लहान पिस्तूल काढले: लांबी साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास, वजन सुमारे साडेतीनशे ग्रॅम, आणि मुठीतल्या मॅगझीनमध्ये सहा काडतुसे. अमेरिकेत कोल्टने, बर्मिंगहॅमला वेब्ली अँड स्कॉटने, जर्मनीत माउझर आणि वाल्थरने हीच वाट धरली. १९२६ साली ब्राउनिंगचा अंत झाला, तोही लिएज येथे त्या कारखान्यातच काम करीत असताना.

या यंत्राची खुबी समजावयास अवघड नाही. काडतूस पेटले म्हणजे जो वायू गोळीला पुढे रेटतो, तोच रिकाम्या पुंगळीला मागेही रेटतो. मोठ्या बोअरच्या पिस्तुलात हा धक्का इतका प्रखर असतो की नळी आणि वरची स्लाइड यांना क्षणभर एकमेकींत अडकवून ठेवणारी कुलपासारखी रचना करावी लागते, परंतु .२५ आणि .३२ या दुबळ्या काडतुसांच्या बाबतीत स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा ताण एवढ्यावरच भागते. गोळी नळीबाहेर पडेपर्यंत स्लाइड जडत्वामुळे फारशी हलत नाही. मग ती मागे जाते, पुंगळी बाहेर फेकते, आणि परत येताना नवे काडतूस नळीत सारते. कुलूप नाही म्हणून भाग थोडे, भाग थोडे म्हणून आकार लहान. एवढ्या साध्या तत्त्वावर कारागिरांनी केलेले तऱ्हेतऱ्हेचे प्रयोग पाहणे, हा संग्राहकाचा खरा आनंद होय. १९०० च्या ब्राउनिंगमध्ये स्प्रिंग नळीच्या वर बसविलेली असून तीच स्लाइडला परत आणण्याचे आणि काडतुसाच्या बुडावर आघात करण्याचे अशी दोन्ही कामे करते. १९१० च्या नमुन्यात ती नळीभोवती गुंडाळली गेली. आणि वेब्ली अँड स्कॉटने इंग्रज आडमुठेपणाने म्हणा की स्वतंत्र बुद्धीने, मुठीच्या उजव्या पत्र्याखाली इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची पात्याची स्प्रिंग दडविली. वेब्लीचा तो काटकोनी, रांगडा आकार अनेकांना कुरूप वाटतो. मला तो प्रामाणिक वाटतो.

महाराष्ट्राच्या इतिहासात या पिस्तुलांनी जो प्रवेश केला, तो संग्राहकाच्या कपाटातून नव्हे. १९०९ च्या आरंभी लंडनच्या इंडिया हाऊसमधील आचारी चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या दुहेरी तळात लपवून विनायकराव सावरकरांनी २० ब्राउनिंग पिस्तुले आणि त्यांची काडतुसे मुंबईस धाडली, आणि त्याच वर्षाच्या २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, 'संगीत शारदा' नाटकाच्या प्रसंगी, अनंत लक्ष्मण कान्हेरे या कोवळ्या वयाच्या तरुणाने त्यांपैकीच एका पिस्तुलाने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे व देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. वीस पिस्तुले एका पेटीच्या तळात मावतात, हे वाक्य वाचताना त्या यंत्राच्या चपटेपणाचा राजकीय अर्थ उमगतो. जुन्या, फुगीर चक्राच्या रिव्हॉल्व्हरांना ते साधले नसते.

सरकारला ही भीती आधीपासूनच होती. लॉर्ड लिटनच्या अमदानीत झालेल्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र धरण्याची मनाई केली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लष्करी काडतुसे बंडखोरांच्या हाती लागू नयेत म्हणून लष्करी बोअरच्या खाजगी शस्त्रांवरही बंधने आली. हे धोरण स्वातंत्र्यानंतरही चालू राहिले. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला, आणि त्याच्या नियमांनुसार ९ मिलिमीटर, .३८, .४५५ ही बोअर निषिद्ध गणली जातात, तर .२२, .२५ आणि .३२ ही सामान्य परवान्यावर मिळू शकतात. आपल्याकडच्या परवानेदाराच्या हाती लहान बोअरचेच पिस्तूल का दिसते, याचे उत्तर त्याच्या आवडीनिवडीत शोधण्याचे कारण नाही. ते या तपशिलात आहे. त्यात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी शस्त्रांची खाजगी आयात जवळजवळ बंद झाल्यामुळे, युद्धपूर्व काळातील वेब्ली किंवा ब्राउनिंग, ज्याला परदेशी लिलावात माफक किंमत येते, ते येथील परवानेदारांमध्ये लाखांच्या भाषेत हस्तांतरित होते. काडतुसे मात्र स्वदेशी मिळतात: पुण्याजवळ खडकीच्या सरकारी कारखान्याची 'केएफ' ही अक्षरे पुंगळीच्या बुडावर ज्याने पाहिली नाहीत, असा परवानेदार विरळा.

शस्त्र कायद्याशी आपल्या नागपूरचा संबंध केवळ परवाने मागण्यापुरता नाही, आणि हे स्मरण आज फारच थोड्यांना आहे याचे मला मनापासून दुःख होते. १९२७ साली जनरल आवारी या नावाने प्रसिद्ध असलेल्या मंचेरशा आवारी यांनी शस्त्र कायद्याविरुद्ध नागपुरात सत्याग्रह पुकारला, आणि त्यांचे अनुयायी परवान्यावाचून तलवारी घेऊन उघड रस्त्याने निघाले. गांधीजींनी त्या मार्गाला संमती दिली नाही. आवारींना कारावास पत्करावा लागला आणि तुरुंगात त्यांनी दीर्घ उपोषण केले. तरीही, अवघ्या तीन वर्षांनी, जानेवारी १९३० मध्ये, गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत स्वसंरक्षणार्थ शस्त्रांचे परवाने लोकनियंत्रणाखाली देण्यात यावेत, अशीही एक मागणी होती.

आता नेमबाजीकडे वळू. असले पिस्तूल हाती घेणाऱ्याची पहिली निराशा त्याच्या दर्शिकेपाशी होते: .२५ बोअरच्या ब्राउनिंगला दर्शिका म्हणजे स्लाइडवरील एक उथळ खाच. नळी पाच सेंटिमीटरच्या आसपास, मूठ दोन बोटांपुरती, आणि चाप जड. तेव्हा दहा पावलांवरील लक्ष्यावरही गोळ्या विखुरतात. यासाठीच मी त्याला उत्तम शिक्षक मानतो, कारण चाप ओढताना मनगटाने केलेला लहानसाही गुन्हा ते क्षमा करीत नाही. स्पर्धेतील पिस्तुले याच कुळाची परंतु सुसंस्कृत भावंडे होत. २५ मीटरवरील सेंटर फायर प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर या मर्यादेतील बोअर चालते आणि बहुतेक नेमबाज .३२ चेच काडतूस वापरतात; जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत याच प्रकारात ५९० गुणांसह सुवर्ण मिळविले. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले, ते .२२ बोअरवर. आणि या सर्व खेळाची अखिल भारतीय संघटना १९५१ साली स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नवोदितांची पहिली पायरी मानली जाते.

शंभर वर्षांच्या पिस्तुलातून गोळी झाडण्यापूर्वी मात्र ते परवानेधारक कारागिराकडून तपासून घेतलेच पाहिजे. स्प्रिंगा थकलेल्या असतात, पुंगळी ओढणारा आकडा झिजलेला असतो, आणि त्या काळच्या रचनेत आजच्यासारखा आघात-अडसर नसल्याने भरलेले पिस्तूल हातातून पडले तर उडण्याची भीती खरी आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीतील क्षारांनी नळी आतून खाल्लेली असते. अशी काडतुसे कोणी वापरलीच असतील तर ती नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून मगच तेल द्यावे लागते, नुसत्या तेलाने ते क्षार निघत नाहीत. नागपूरच्या पावसाळ्यात पिस्तूल चामड्याच्या म्यानात ठेवणे ही सर्वांत मोठी चूक: चामडे ओल धरते आणि गंज त्याच्या आकाराप्रमाणे उमटतो. आणि मैदान अधिकृतच हवे. लग्नात वा मिरवणुकीत हवेत बार काढणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तो तसा झाला हे योग्यच झाले.

त्याच २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तिनावरून दोनावर आणली, आणि वारसाहक्काने आलेली शस्त्रेही त्याच मर्यादेत धरली. २०१६ च्या नियमांत वडिलोपार्जित शस्त्र वारसाच्या नावे करण्याची सोय आहे. परवानेदाराच्या मृत्यूनंतर, किंवा तो सत्तर वर्षांचा झाल्यावर अथवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, त्याच्या हयातीतही. नागपूर शहरात हा अर्ज पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. जे शस्त्र कोणत्याही दुरुस्तीने चालू शकत नाही आणि केवळ पुराणवस्तू म्हणून उरले आहे, त्याला कायद्याच्या ४५ व्या कलमाने सूट दिली आहे. परंतु ते तसे आहे की नाही, याचा निर्णय घरच्या घरी करू नये. वारसांना नको असलेले पिस्तूल पोलीस ठाण्यात वा परवानेधारक विक्रेत्याकडे जमा होते, आणि मुदतीत कोणी विचारपूस केली नाही तर सरकारजमा होते. तेथे त्याचा इतिहास पुसला जातो. १८६३ साली स्थापन झालेल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या अजब बंगल्यात, शस्त्रांचे दालन आहे, आणि जुन्या काळच्या तलवारींशेजारी विसाव्या शतकातील नागरी शस्त्राचा अध्यायही रीतसर परवानगीने मांडला जावा, असे मला तीव्रतेने वाटते.

तोपर्यंत वारसांनी एवढे तरी करावे. जमा करण्यापूर्वी पिस्तुलाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत; अनुक्रमांक लिहून ठेवावा; नळीजवळची चाचणीची मुद्रा, लिएजची असेल तर लंबवर्तुळातील 'ईएलजी' ही अक्षरे, बर्मिंगहॅमची असेल तर मुकुटाखालची अक्षरे, भिंगाने पाहून तिचे रेखाटन करावे; आणि परवान्याची जुनी वही, नूतनीकरणाचे शिक्के, खरेदीची पावती यांतले काहीही रद्दीत जाऊ देऊ नये. लोखंड सरकारच्या स्वाधीन करावे लागले तरी हे दस्तऐवज घरात ठेवण्यास कोणत्याही परवान्याची गरज नाही.