जुन्या ब्रिटिश इंजिनाच्या फोटोचं साल कसं ओळखायचं?

इंग्लंडला मामेभावाकडे गेलो होतो, तेव्हा तिथल्या जुन्या बाजारात एक कृष्णधवल फोटो मिळाला. मागे तारीख नाही. पण इंजिनावर नंबर स्पष्ट: ६००२२.

म्हणजे हे ‘मॅलार्ड’! ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैल वेग गाठणारं. वाफेच्या इंजिनांमधला तो विक्रम आजही अबाधित आहे.

तेव्हा याचा नंबर होता ४४६८. १९४६ मध्ये तो २२ झाला. १९४८ मध्ये ब्रिटनची रेल्वे सरकारी झाल्यावर त्यात ६०००० मिळवले गेले.

आता टेंडर, म्हणजे इंजिनामागचा कोळशा-पाण्याचा डबा, बघा. मुकुटातून वर आलेला, पंजात चाक धरलेला सिंह दिसतोय? हे चिन्ह १९५६ चं. मॅलार्ड सेवेतून निवृत्त झालं १९६३ मध्ये. म्हणजे फोटो या सात वर्षांतला.

तुमच्याकडे असे फोटो असतील तर जरूर पाठवा, मिळून साल शोधू.