आपल्या कपड्यांमागची वेठबिगारी : फॅशन कंपन्या नेमकं काय करतात?



नागरिकशास्त्रात आपण ‘शोषणाविरुद्धचा हक्क’ शिकवतो. कलम २३ : माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी यांना बंदी. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात, गुणही मिळवतात. पण गुलामगिरी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर साखळदंड, जहाजं आणि अमेरिकेतली जुनी कापसाची शेतं येतात. अंगातल्या टी-शर्टशी या कलमाचा काही संबंध असेल असं त्यांना वाटत नाही. खरं सांगायचं तर आपल्यालाही ते चटकन सुचत नाही. म्हणून आज हा विषय घेऊया.

आधुनिक गुलामगिरी म्हणजे काय?

धमकी, कर्ज, फसवणूक किंवा कोंडून ठेवणं यांमुळे माणसाला जे काम सोडताच येत नाही, ते सक्तीचं काम. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने इतर संस्थांबरोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ७६ लाख लोक अशा कामात अडकलेले आहेत.

उदाहरण आपल्या जवळचंच घ्या. ऊसतोडीच्या ‘उचली’बद्दल आपण ऐकलेलं असतं. प्रत्येक उचल म्हणजे गुलामगिरी नव्हे. पण घेतलेले पैसे फिटेपर्यंत काम सोडायची मुभाच नसेल आणि हिशेब फक्त मुकादमाच्या वहीत असेल, तर १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याचा प्रश्न तिथे उभा राहतो. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकलं. दिल्लीतल्या एशियाड बांधकाम कामगारांच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करायला लागणं हेही कलम २३ खालची सक्ती आहे. पोटाची गरज हीसुद्धा सक्तीच! हा मुद्दा वर्गात जरूर सांगा.

एका टी-शर्टचा प्रवास

शेतातला कापूस जिनिंगला जातो. तिथे सरकी वेगळी होते, गाठी बांधल्या जातात. गाठी सूतगिरणीत, सूत विणाईला, कापड रंगाईला, मग शिलाईच्या कारखान्यात आणि शेवटी दुकानात. विदर्भातला कापूस तमिळनाडूच्या गिरणीत सूत होऊ शकतो, तिरुपूरला शिवला जाऊ शकतो आणि लंडनच्या दुकानात विकला जाऊ शकतो.

यात महत्त्वाची गोष्ट अशी की, मोठ्या फॅशन कंपनीचा स्वतःचा कारखाना बहुतेक वेळा नसतोच. ती शिलाईवाल्याला ऑर्डर देते. शिलाईवाला कापड दुसऱ्याकडून घेतो, तो सूत तिसऱ्याकडून. लेबलवर फक्त शेवटच्या देशाचं नाव येतं. सक्तीचं काम मात्र अनेकदा मागच्या कड्यांमध्ये लपलेलं असतं.

‘सुमंगली’ची गोष्ट

तमिळनाडूच्या कोईम्बतूर, तिरुपूर, दिंडीगुल भागातल्या अनेक सूतगिरण्यांमध्ये ‘सुमंगली’ नावाची योजना चालत असे. सुमंगली म्हणजे आपल्या भाषेत सौभाग्यवती. गरीब, बऱ्याचदा दलित घरांतल्या किशोरवयीन मुलींना सांगितलं जाई : तीन वर्षं गिरणीत काम कर, होस्टेलमध्ये राहा, शेवटी एकरकमी पैसे मिळतील, लग्नाला उपयोगी पडतील. ही रक्कम साधारण तीस ते साठ हजार रुपये असे. कायद्याने हुंड्याला १९६१ पासून बंदी आहे, आणि इथे हुंड्याच्याच चिंतेवर मजूरभरती होत होती.

अडचण कुठे होती? पगारातला मोठा भाग शेवटपर्यंत अडकून राही. मुलगी आजारी पडून मध्येच घरी गेली तर तो बुडण्याची भीती. होस्टेलबाहेर एकटीने जायचं नाही, फोनवर बंधनं, कामाचे तास लांबलचक. नेदरलँड्समधल्या दोन संस्थांनी, सोमो आणि इंडिया कमिटी ऑफ द नेदरलँड्स यांनी, २०११ आणि २०१४ मध्ये यावर अहवाल काढले. या सुतापासून बनलेले कपडे युरोप-अमेरिकेतल्या नामांकित दुकानांत जातात, हे तेव्हा ठळकपणे पुढे आलं.

आपण शिक्षक म्हणून एक गोष्ट लक्षात घेऊया. या मुलींपैकी कितीतरी जणी तेव्हा शाळेच्या बाकावर असायला हव्या होत्या.

मग कंपन्यांनी काय केलं?

*पहिला उपाय : निवेदन.* ब्रिटनने २०१५ मध्ये आधुनिक गुलामगिरी कायदा केला. वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा जास्त उलाढाल असलेल्या कंपनीने, आपल्या पुरवठा साखळीत गुलामगिरी नसावी म्हणून काय केलं, याचं निवेदन दरवर्षी प्रसिद्ध करायचं. ते संचालक मंडळाने मंजूर करायचं, वेबसाइटवर ठेवायचं. चांगली सुरुवात. पण गंमत बघा, ‘आम्ही काहीच केलं नाही’ असं लिहिलं तरी कायद्याची अट पूर्ण होते!

*दुसरा उपाय : ऑडिट.* कंपनी नियमावली बनवते आणि तपासनीस पाठवते. तपासनीस एक-दोन दिवस येतो, हजेरीपत्रकं पाहतो, काही कामगारांशी बोलतो. आपल्याकडे शाळा तपासणीच्या आदल्या दिवशी काय काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. कारखान्यातही तेच होतं. शिवाय मालकाच्या आवारात कामगार मोकळेपणाने कसा बोलेल? कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कारखान्याला २०१२ साली सुरक्षितता आणि कामगार हक्कांचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं. त्यानंतर काही आठवड्यांतच, ११ सप्टेंबरला, तिथे आग लागली आणि अडीचशेहून जास्त माणसं गेली. कागद चोख होते, बाहेर पडायचे रस्ते बंद होते.

*तिसरा उपाय : यादी जाहीर करणं.* काही कंपन्या आता आपल्या पुरवठादार कारखान्यांची नावं-पत्ते प्रसिद्ध करतात. याचा खरा उपयोग होतो, कारण तक्रार नेमकी कोणाकडे न्यायची हे कामगार संघटनेला कळतं. पण बहुतेक याद्या शिलाईपर्यंत येऊन थांबतात. सूतगिरणी आणि शेत अजून अंधारातच.

*चौथा उपाय : मिळून खरेदी थांबवणं.* उझबेकिस्तानात सरकारच दरवर्षी विद्यार्थ्यांना, शिक्षकांना आणि डॉक्टरांना सक्तीने कापूस वेचायला पाठवत असे. विचार करा, शाळेतले सर आणि मॅडम शेतात! तीनशेहून अधिक ब्रँडनी ‘आम्ही हा कापूस जाणूनबुजून वापरणार नाही’ अशी प्रतिज्ञा केली. देशातल्या कार्यकर्त्यांनी धोका पत्करून माहिती बाहेर आणली. पुढे सरकारची धोरणं बदलली, आणि सरकारी सक्ती संपल्याचं दिसल्यावर मार्च २०२२ मध्ये हा बहिष्कार मागे घेण्यात आला. बहिष्कार आंधळा नव्हता, त्याला स्पष्ट अट होती, म्हणून तो उपयोगी पडला.

*पाचवा उपाय : बांधील करार.* हा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. दिंडीगुलजवळच्या एका शिलाई कारखान्यातल्या तरुण कामगार मुलीचा २०२१ च्या सुरुवातीला खून झाला. तिच्याच सुपरवायझरवर आरोप होता. त्यानंतर दलित महिलांच्या नेतृत्वाखालील टीटीसीयू ही तिथली कामगार संघटना उभी ठाकली. २०२२ मध्ये कारखान्याची मालक कंपनी, संघटना आणि एच अँड एम, गॅप, पीव्हीएच या खरेदीदार कंपन्या यांच्यात ‘दिंडीगुल करार’ झाला. कारखान्यातल्याच प्रशिक्षित कामगार स्त्रिया शॉप फ्लोअरवर त्रासावर लक्ष ठेवतात आणि तक्रार नोंदवतात. कारखान्याने करार मोडला तर त्याचा फटका ऑर्डरींना बसू शकतो.

फरक लक्षात आला का? ऑडिटमध्ये बाहेरचा माणूस वर्षातून एकदा बघतो. करारात रोज तिथे असणारी बाई बघते, आणि तिच्या बोलण्याला ऑर्डरीचं वजन असतं.

एक प्रश्न मात्र या पाचही उपायांत शिल्लक राहतो : भाव. कंपनीने दर पाडून मागितला, मुदत कमी दिली, ऐनवेळी ऑर्डर बदलली, की कारखानदार ते कुठून भरून काढणार? ओव्हरटाइम आणि कंत्राटी मजुरीतूनच. एका हाताने नियमावली द्यायची आणि दुसऱ्या हाताने भाव पाडायचा, असं असेल तर निवेदन कितीही सुंदर असो, त्याचा उपयोग नाही.

वर्गात काय करता येईल?

१. मुलांना घरातल्या तीन कपड्यांची लेबलं वाचायला सांगा. काय लिहिलं आहे आणि काय लिहिलेलं नाही, अशा दोन याद्या करून घ्या.

२. कापसापासून दुकानापर्यंतची साखळी फळ्यावर काढा. प्रत्येक टप्प्यावर ‘इथे काम कोण करतं?’ हा प्रश्न विचारा.

३. नववी-दहावीच्या मुलांसोबत एखाद्या कंपनीचं निवेदन पाहा. चार प्रश्न पुरेत : कारखान्यांची नावं दिली आहेत का? सूतगिरणीपर्यंत माहिती आहे का? सापडलेली एखादी चूक मान्य केली आहे का? कामगार संघटनेचा उल्लेख आहे का?

एक काळजी घ्या. स्वस्त कपडे घालणाऱ्या मुलाला अपराधी वाटता कामा नये. तुमच्या वर्गातल्या कोणाचे तरी आई-वडील स्वतः लूमवर किंवा शिलाईच्या कामावर असतील. त्यांचा अनुभव हाच त्या दिवसाचा सर्वांत चांगला धडा ठरेल.

आणि शेवटचं. एखादी मुलगी अचानक शाळेत यायची थांबली आणि ‘बाहेरगावी कामाला गेली’ असं कळलं, तर हजेरीपत्रकावर गैरहजेरी मांडून थांबू नका. कुठे गेली, कोणी नेलं, आगाऊ पैसे घेतले आहेत का, एवढं विचारा. शंका आली तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवा. कंपन्यांची निवेदनं लंडनमध्ये लिहिली जातात. रिकामा बाक मात्र सर्वांत आधी आपल्याला दिसतो.