पिणारा आणि बनवणारा समोरासमोर

आयरिश बिअर म्हटलं की गिनेसचा काळाभोर ग्लास आणि त्यावरचा दाट फेस आठवतो. आर्थर गिनेस यांनी १७५९ मध्ये डब्लिनमधली जागा वर्षाला ४५ पौंड भाड्याने, तब्बल ९००० वर्षांच्या करारावर घेतली. पुढे या नावाचा दबदबा इतका वाढला, की पबमधल्या नळांवर छोट्या उत्पादकांना जागा मिळणं अवघड झालं. १९९६ मध्ये पोर्टरहाऊस आणि कार्लो ब्रुइंग या छोट्या ब्रुअरींनी सुरुवात केली. २००५ मध्ये छोट्या ब्रुअरींना अबकारी करात निम्मी सवलत मिळाली, तेव्हा कुठे हा व्यवसाय सावरला. तरीही ब्रुअरी बघायला आलेल्या पाहुण्याला तिथेच ग्लासभर बिअर विकण्याचा सुटसुटीत परवाना २०१८ च्या कायद्यापर्यंत नव्हता. २०११ मध्ये डब्लिनच्या आरडीएस सभागृहात छोट्या उत्पादकांच्या, म्हणजे क्राफ्ट बिअरचा महोत्सव सुरू झाला, त्याचं मोल या पार्श्वभूमीवर कळतं: पिणारा आणि बनवणारा तिथे थेट भेटू लागले.

या भेटीतून चव समजू लागते. स्टाउट या गडद बिअरचा काळा रंग आणि कॉफीसारखा कडूपणा बराचसा भाजलेल्या बार्लीतून येतो, तर हॉप्सच्या फुलांचा कडूपणा वेगळा, काहीसा हिरवट. नळातून नायट्रोजनसह आलेली स्टाउट मऊ लागते, कारण बुडबुडे बारीक असतात. बाटलीत फक्त कार्बन डायऑक्साइड असला, की तीच स्टाउट जिभेला अधिक झोंबते. एरवी हा फरक ‘आवडली’ किंवा ‘नाही आवडली’ एवढ्यावरच संपतो. महोत्सवातल्या स्टॉलवर मात्र घोट घेताघेताच ‘हा कडूपणा कशाचा?’ असं विचारता येतं.

यावर कोणी म्हणेल, ब्रुअर शेवटी विक्रेताच. तो आपल्याच मालाची तारीफ करणार. खरं आहे. पण त्याचा दावा तपासायला ग्लास हातात असतो आणि प्रतिस्पर्धी शेजारच्याच स्टॉलवर उभा असतो. ब्रुअरीत जाऊन ही तुलना होत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: चवीच्या नावाखाली हा पिण्याचाच उत्सव नाही का? दारूच्या दुष्परिणामांपायी आयर्लंडने २०२२ मध्ये तिची किमान किंमत कायद्याने ठरवली, आणि बिअर क्राफ्ट आहे म्हणून तिच्यातलं अल्कोहोल निरुपद्रवी होत नाही. मात्र चव घ्यायची तर मोजकंच प्यावं लागतं. जीभ बधिर झाली की तुलना संपली. लहान माप आणि फिक्या बिअरकडून गडद बिअरकडे जाण्याचा रिवाज त्यासाठीच आहे.

शिवाय ‘क्राफ्ट’ या लेबलवर डोळे झाकून विश्वास ठेवण्यातही अर्थ नाही. कॉर्कची फ्रान्सिस्कन वेल ही छोटी ब्रुअरी २०१३ मध्ये मोल्सन कूर्स या बहुराष्ट्रीय कंपनीने विकत घेतली. मालकी बदलली म्हणून बिअर बिघडतेच असं नाही. पण ती कोण बनवतं, कुठे आणि कशापासून, हे जाणून घ्यायचं तर बनवणाऱ्यालाच विचारलेलं बरं.